कॉफी खपली, सल्ला नाही!

'करिअर स्विच' हा आपल्या पिढीचा लाडका शब्द. दोन-तीन वर्षं एका ऑफिसात काढली की पाय वळवळायला लागतात. पण कॉफीच्या जाहिराती करणारा माणूस पुढे अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत येतो, तेही दोनदा, हा स्विच कसा वाटतो?

त्याचं नाव चेस्टर बोल्स. जन्म १९०१चा. विल्यम बेंटनबरोबर त्यानं १९२९ मध्ये न्यूयॉर्कला जाहिरात एजन्सी काढली. टायमिंग बघा, काही महिन्यांतच शेअर बाजार कोसळला! तरी 'बेंटन अँड बोल्स' तगली, ती रेडिओच्या जोरावर. मॅक्सवेल हाऊस कॉफीसाठी त्यांनी गाण्या-गप्पांचा 'शो बोट' हा कार्यक्रम चालवला आणि ऐन मंदीत कॉफी खपवली.

१९४१ मध्ये, चाळिशीतच बोल्सनं धंदा सोडला. महायुद्धात रेशनिंग आणि किमतींवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं सांभाळलं. १९४९ मध्ये तो कनेटिकटचा गव्हर्नर झाला, १९५०ची निवडणूक हरला. १९५१ मध्ये भारतातलं पोस्टिंग त्यानं चक्क मागून घेतलं! मुलं दिल्लीत इथल्याच शाळेत, सायकलवरून जायची.

इथवर एकदम हिट स्टोरी. पुढचं मात्र कुठलाही करिअर गुरू सांगणार नाही. १९६१ मध्ये तो केनेडींच्या परराष्ट्र खात्यात नंबर दोन होता. क्युबावर छुपा हल्ला करायचा बेत शिजत होता. बोल्सनं लेखी विरोध केला. एप्रिलमध्ये 'बे ऑफ पिग्ज'ला पुरती फजिती झाली. मग बोल्सला शाबासकी? छे! त्याचा विरोध बाहेर फुटला, केनेडींची माणसं भडकली आणि नोव्हेंबरमध्ये त्याची उचलबांगडी झाली.

१९६३ मध्ये पुन्हा दिल्ली. भारताला शस्त्रं द्या, नाहीतर तो मॉस्कोकडे वळेल, हे तो वॉशिंग्टनला परोपरीनं सांगत राहिला. मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण बोलणी करायला अमेरिकेत गेलेही. २७ मेला नेहरू गेले आणि चव्हाण तातडीनं परतले. त्यांना हवी असलेली सुपरसॉनिक विमानं अमेरिकेनं दिलीच नाहीत. सप्टेंबरमध्ये चव्हाणांनी करार केला, तो मॉस्कोत!

मंदीत कॉफी विकणाऱ्याला आपल्याच साहेबांच्या गळी सल्ला उतरवता आला नाही. मला विचाराल तर कारण साधं आहे. कॉफी विकत घेताना कुणाला 'माझं चुकलं' म्हणावं लागत नाही. सल्ला घेताना लागतं.

एकदा मात्र त्यानं विकायच्या भानगडीत न पडता थेट निर्णय घेतला. ६ मार्च १९६७ला स्टालिनची मुलगी स्वेतलाना दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत येऊन थडकली. वॉशिंग्टनच्या हुकमासाठी ताटकळत न बसता बोल्सनं त्याच रात्री तिला रोमच्या विमानात बसवून दिलं.

पुढच्या मीटिंगमध्ये बॉसला काही पटवायचं असेल, तर आधी एवढंच ठरवा: हे विचारायचं आहे, की करून मोकळं व्हायचं आहे?