वाऱ्याचा अंदाज धक्क्यापर्यंत पोचावा!

विशेष प्रतिनिधी
नंदुरबार : नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकाऱ्यांनी मे 2025 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. सुमारे 25 हजार 400 सागरी मैलांच्या या प्रवासाचे वेळापत्रक हवामानाने ठरविले होते. गोव्यातून प्रस्थान मोसमी पाऊस ओसरल्यावर, 2 ऑक्टोबर 2024 रोजी झाले आणि केप हॉर्नचा वळसा दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात घेण्यात आला. समुद्राशी झुंजण्यापेक्षा योग्य वेळेची वाट पाहणे, हेच दर्यावर्दीचे खरे कौशल्य असते.

समुद्र नसलेल्या नंदुरबार जिल्ह्याला या गोष्टीशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडेल. मात्र, अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध आजही बोटीनेच येतो. सरदार सरोवर सप्टेंबर 2019 मध्ये प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्यानंतर नदीची जागा दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या खोल, लांबलचक जलाशयाने घेतली. अशा दरीत वाऱ्याला मोकळी वाट मिळते. पाण्यावरून तो जितके अधिक अंतर वाहत येतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. वळवाच्या वादळात तर शांत पाणी काही मिनिटांत खवळते.

हवामान खात्याच्या जिल्हानिहाय अंदाजात वारा आणि विजांचे इशारे असतात. पण ते जिल्हाभरासाठी असतात. मोबाइलला रेंज नसलेल्या धक्क्यावरील नावाड्याला ढगांकडे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

अर्थात, सारा दोष हवामानावर ढकलणे योग्य ठरणार नाही. 15 जानेवारी 2019 रोजी, मकरसंक्रांतीच्या पर्वावर, धडगाव तालुक्यातील भुषा येथे साठहून अधिक प्रवासी असलेली बोट उलटली आणि किमान सहा जणांचा बळी गेला. तेव्हा ना पावसाळा होता, ना वादळ. क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या बोटीला वाऱ्याचीही गरज लागत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा. यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने यांविषयीच्या तरतुदी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात आहेत. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

उपाय खर्चिक नाहीत. सकाळचा अंदाज बिनतारी यंत्रणेने धक्क्यावर पोचविणे, तेथे वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी लावणे आणि वारा वाढताच बोट रोखण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीला देणे, एवढे तरी सहज करता येईल.

तरीही एक फरक उरतोच. सागरी नौका बंदरात आठवडाभर थांबू शकते. प्रसूतीच्या कळा सुरू झालेली स्त्री थांबू शकत नाही. बोट रोखायची, तर तिच्यासाठी दुसरी वाट हवी. ती वाट, म्हणजे बारमाही रस्ता, होत नाही तोवर हवामानाचा इशारा या पाड्यांसाठी अर्धाच उपयोगाचा राहणार आहे.