काकांचं नाक आणि रक्त पातळ करायची गोळी

शनिवारी काकांच्या नाकावरचे टाके निघाले. आता तिथे एक बारीक रेघ आहे, आणि काकूच्या मते नाक आधीपेक्षा सरळ दिसतं. म्हणजे घरी सगळं ठीक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण वर्षभरात आम्ही सगळ्यांनी मिळून (यात मीही आलो) जो घोळ घातला, तो लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काकांच्या हृदयात २०१२ पासून धातूची झडप आहे. तिच्यावर गुठळी जमू नये म्हणून रोज संध्याकाळी ॲसिट्रॉमची गोळी, जन्मभर. आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरलेली. हल्ली नव्या गोळ्या आल्यात, त्यांना ही सारखी तपासणी लागत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. असो.

गेल्या दिवाळीत नाकपुडीच्या बाजूला मसुराएवढी काळपट गाठ दिसली. टॉवेल लागला की रक्त. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त. आणि प्रत्येक वेळी घरात एकच उत्तर, "रक्त पातळ आहे ना, येणारच!" असे आठ महिने गेले. गोळीमुळे रक्त थांबायला वेळ लागतो, मान्य. पण बाकी सगळं अंग धडधाकट असताना नेमकी तीच एक जागा पुन्हा पुन्हा का फुटते, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही. ऑफिसात मी रोज हेच करतो. ज्या बगचं कारण 'माहीतच आहे' असं वाटतं, तो कोणी उघडूनही बघत नाही.

शेवटी तुकडा तपासला. बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेचा कॅन्सर, पण हळू वाढणारा. शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो, मात्र आहे तिथे आत आत पोखरत जातो. नाकावर त्वचेखाली लगेच कूर्चा, त्यामुळे तिथे फार पोखरायला जागाच नाही. गोऱ्या लोकांमध्ये हा खूप आढळतो, आपल्याकडे कमी. शिवाय आपल्या त्वचेवर तो बरेचदा काळा दिसतो, म्हणून सगळे तीळ समजतात.

मग घोळ क्रमांक दोन. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आणि फोनवर सांगण्यात आलं, "रक्ताची गोळी पाच दिवस बंद करून या." काका निवृत्त हेडमास्तर, सूचना म्हणजे सूचना. तिसऱ्या दिवशी काकूला गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी दिसली आणि तिने मला फोन केला. मी हृदयाच्या डॉक्टरांना गाठलं. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही :) सारांश एवढाच की गोळी आज, आत्ता सुरू करा.

काही झालं नाही, हे आमचं नशीब. पण हिशेब करून बघा. नाकातून रक्त आलं तर ते दिसतं. दाबता येतं, टाका घालता येतो, रक्तवाहिनी जाळून बंद करता येते. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत गेली तर काय दाबणार? म्हणूनच त्वचेच्या अशा शस्त्रक्रियेत गरजेची गोळी चालूच ठेवावी, असं आता या विषयातले डॉक्टर सहसा सांगतात. त्याच आठवड्यात आयएनआर बघायचा, तो साडेतीनच्या आत असला की पुढे जायचं. रक्तस्राव थोडा जास्त होतो, नाही असं नाही. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका. आणि गोळी बंद असो वा चालू, घरच्या घरी ठरवू नका.

मग बंद करायला सांगतात का? माझा अंदाज असा : रात्री नाकातून रक्त आलं तर फोन सर्जनला जातो. आठवड्याने लकवा झाला तर फोन दुसऱ्याच डॉक्टरला जातो. दोन मॉड्यूल, दोन टीम, आणि मधल्या इंटरफेसवर उभा माझा काका.

जाता जाता एक गंमत. चेहऱ्यावरचा कॅन्सर थरथर कापत, प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली बघत काढायची पद्धत फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सुरू केली. वॉरफरीन, म्हणजे ॲसिट्रॉमचं भावंड, तेही त्याच विद्यापीठातल्या संशोधनातून आलं. आधी उंदीर मारायला, मग १९५४ पासून माणसं वाचवायला. म्हणजे ही दोघं शेजारी शेजारी वाढलेली, आणि आपण त्यांची भांडणं लावतोय!

आम्ही तारीख दोन आठवडे पुढे ढकलली. या कॅन्सरला तेवढं थांबणं परवडतं, आठ महिने परवडत नाहीत. (वेगाने वाढणारे दुसरे प्रकार असतात, त्यांना हा सल्ला लागू नाही.) दिवस मात्र मी हट्टाने मंगळवार सकाळचा मागितला. रक्तस्राव झालाच तर बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत होतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून घरी जाणाऱ्यांचं काय होतं हे मी पाहिलंय. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. घरातली नेहमीची दुखण्याची गोळी काकूने उचलून ठेवली, कारण तिने रक्तस्राव वाढतो.

मंगळवारी रात्री ड्रेसिंगवर रुपयाएवढा डाग आला. काकूने घड्याळ लावून वीस मिनिटं दाबून धरलं, थांबला. गाठ कडेपर्यंत पूर्ण निघाल्याचा रिपोर्ट आलाय. काका आता रोज आरशात सगळं तोंड तपासतात. काल गालावरचा एक तीळ दाखवायला आले. चौथीपासूनचा आहे म्हणे.