सेनापतीची वाट पाहणाऱ्या आपल्याच पोरांना



आपल्या अभ्यासवर्गात अधूनमधून एक खेळ रंगतो. तुखाचेव्स्कीला स्टालिनने 1937 मध्ये गोळ्या घातल्या. त्याआधी त्यानेच स्टालिनला उचलले असते तर? युद्ध जिंकून आलेल्या मार्शल झुकॉव्हने क्रेमलिन ताब्यात घेतले असते तर? खेळ म्हणून आमची हरकत नाही. पण दहा मिनिटांत गाडी रशियावरून इथे येते आणि कुणीतरी म्हणतोच, "आपल्याकडेपण दहा वर्षं मिलिटरीच पाहिजे, जातवाले सरळ होतील." गळ्यात निळा रुमाल घातलेल्या पोराकडून हे ऐकले की आम्हाला राग येतो.

त्यासाठी मॉस्कोला कशाला जाता? हा प्रयोग आपल्या नगरच्या मातीत होऊन गेला आहे. मलिक अंबर इथियोपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला. 1600 मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर त्याने निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला आणि 1626 मध्ये मरेपर्यंत राज्य स्वतः हाकले. जमिनीचा मगदूर पाहून सारा बांधला. खडकी वसवली. 1624 ला भातोडीत मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना पाणी पाजले. कूळ आणि रक्त सांगत फिरणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला याहून चांगले उदाहरण नाही, आणि आम्ही ते फेकतोच.

पण पुढे काय झाले? त्याचा मुलगा फत्तेखान. त्याने निजामशहाला मारले, एका पोराला गादीवर बसवले आणि 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. मग शहाजीराजांनी आपल्या संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर आणखी एक लहान मूल गादीवर बसवले. 1636 ला निजामशाही संपली. अंबर जाऊन जेमतेम दहा वर्षे! दोष अंबरच्या कर्तबगारीत नव्हता. त्याच्यामागे कोण, हे ठरवायला तलवारीशिवाय दुसरी रीतच नव्हती. आणि एक गुलाम राज्याचा कर्ता झाला तरी गुलामांचा बाजार चालूच राहिला. खुद्द अंबरच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होते.

कुणी म्हणेल, आपल्याला माणूसपण फौजेनेच दिले, कोरेगाव विसरलात का? नाही विसरलो. पण त्याच फौजेने 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. 1917 मध्ये, महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, 111 महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडून टाकली. आपल्याला कुणी विचारले होते? सुभेदाराच्या पोटी जन्मलेल्या बाबासाहेबांना हे सगळे ठाऊक होते. त्यांनी संविधानात सैन्याची सर्वोच्च सत्ता राष्ट्रपतींकडे दिली आणि तिचा वापर कायद्याने बांधला.

झुकॉव्हचेही तेच. 1953 मध्ये बेरियाला पकडायला तो लागला, जून 1957 मध्ये ख्रुश्चेव्हची खुर्ची वाचवायला तो लागला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाच घरी बसवले. त्याने आधी डाव साधला असता तर फार तर खुर्चीवरचा माणूस बदलला असता. जोर काढून घेतल्यावर मागे काय उरेल, हा बाबासाहेबांनी काठमांडूत साम्यवाद्यांना केलेला सवाल सेनापतीलाही लागू पडतो.

तुमचा संताप कुठून येतो ते आम्हाला कळते. खर्ड्यात 2014 मध्ये आपले पोर मारले, साक्षीदार फिरले, 2017 ला आरोपी निर्दोष सुटले. आम्हीही त्या रात्री जेवलो नाही. पण सोनईच्या 2013 च्या हत्याकांडात नाशिकच्या कोर्टाने 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, हेही याच जिल्ह्याने पाहिले. ॲट्रॉसिटीचा गुन्हा, सरकारी वकील, वरच्या कोर्टात अपील ही आपली हत्यारे बोथट आहेत, मान्य. सेनापती आला की पहिल्याच दिवशी तीच काढून घेतो. शेजारी पाकिस्तानात 1958 ला दोन वर्षांचे संविधान एका रात्रीत रद्द झाले.

आणि या स्वप्नातल्या सेनापतीचे आडनाव काय असेल, हे एकानेही अजून सांगितलेले नाही. पुढच्या वर्गात हा खेळ निघाला तर आम्ही तेच विचारणार आहोत, आणि हेही, की खर्ड्याची केस त्याच्या राज्यात कोणत्या कोर्टात लावायची?