गोळी लागू पडेपर्यंत
गोडी छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत कुणाला अंथरुणात पडून राहायची मुभा नसते. पाऊस शिंतडला, धुकं उतरलं की डाऊनी रोगाच्या धास्तीने पहाटेच फवारणी. अशा बागायतदाराला नैराश्य असेल तर? झोप तीनलाच मोडते, तोंडातला घास फिरतो, कोणतं औषध मारायचं हेही ठरवता येत नाही. तरी तो ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतो. गावाला दिसतं एवढंच, की गडी हल्ली गप्प असतो. मला त्याचं सगळ्यात मोठं धाडस दिसतं ते उपचाराच्या पहिल्या आठवड्यांत. गोळ्यांनी मळमळ, सुस्ती लगेच सुरू होऊ शकते. उतार मात्र बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी जाणवतो. तोवर काहीच फरक नसताना रोज गोळी घ्यायची, नाशिकच्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचं, आणि कुठे चाललो ते घरी धड सांगताही येत नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, ‘आता कशाला गोळ्या?’ आधाराच्या सोयी मात्र आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीला आणलं. २०२२पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. बागायतदारांच्या संघटनांना, विकास सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे : हा क्रमांक प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, ठळक अक्षरांत, या छाटणीच्या आधी लावा.