भाव बिऱ्हाडाचा करा

सुट्टीच्या बेताची बोलणी सुरू झाली की घरात हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘आता विमान महाग कुठे राहिलंय? थर्ड एसीच्या भावात मिळतं.’ दुसरा म्हणतो, ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! तिकीट स्वस्त दाखवायचं आणि बॅग, सीट, सँडविच, प्रत्येकावर उकळायचं.’ दोघेही ठासून बोलतात आणि दोघांचंही गणित एकाच जागी चुकतं. भाव होतो एका तिकिटाचा, आणि प्रवासाला निघतं अख्खं बिऱ्हाड.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. कॅप्टन गोपीनाथांनी 2003 साली एअर डेक्कन सुरू केली आणि एक रुपयाच्या तिकिटाची हवा केली, तेव्हापासून ‘स्वस्त विमान’ आपल्या डोक्यात बसलं आहे. पण एका विमानातल्या सगळ्या सीट एका भावाच्या नसतात. त्यांचे टप्पे पाडलेले असतात आणि सर्वांत खालच्या टप्प्यात मोजक्याच सीट असतात. समजा, 3,000 रुपयांच्या दोनच सीट उरल्या आहेत आणि पुढचा टप्पा 4,200 चा आहे. एका माणसाचं तिकीट शोधलं की 3,000 दिसतात. चौघांचं शोधलं की यंत्रणा चार सीट एकत्र मिळतील असा टप्पा पाहते आणि चौघांनाही 4,200 लावते. बारा हजारांचा बेत सोळा हजार आठशेवर जातो, तोही जाण्याचाच. एकट्याचा भाव पाहून सुट्टी ठरवणाऱ्यांचा पहिला पाय इथेच घसरतो.

मुलांचं तिकीट हा दुसरा मुद्दा. दोन वर्षांखालचं बाळ ठरावीक शुल्क भरून मांडीवर नेता येतं. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वस्त विमानात त्याला बहुधा मोठ्या माणसाएवढंच भाडं पडतं. रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल वेगळा बर्थ न घेतल्यास फुकट जातं आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्लीपर किंवा थ्री-टायरमध्ये बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट लागतं. तीन आणि सात वर्षांची दोन मुलं असलेल्या घरानं ‘भाव सारखाच’ म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

‘पण वेळ वाचतो ना!’ कुठे वाचतो? मुंबई–गोव्याचं उड्डाण सव्वा तासाचं, हे खरं. पण डोंबिवलीहून निघायचं, दोन तास आधी विमानतळावर पोहोचायचं, मोपा विमानतळावर उतरून पट्ट्यावर बॅगांची वाट पाहायची आणि मग टॅक्सीनं उत्तर टोकाच्या पेडण्यातून दक्षिण गोव्यात कोलव्याला जायचं. दिवसाचे सहा-सात तास गेलेच. पावसाळा सोडला तर वंदे भारत साधारण पावणेआठ तासांत मडगावला सोडते आणि कोलवा तिथून हाकेच्या अंतरावर. या मार्गावर कुटुंबासाठी स्वस्त विमान हा बहुतेक वेळा महाग हट्ट ठरतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘सगळी लूट’ ही त्यांची तक्रारही टिकत नाही. आवडीची सीट, जेवण, जादा वजन यांचे वेगळे पैसे घ्यायला नियमांची परवानगी आहे आणि हे दर आधी दिसतात. देशांतर्गत प्रवासात माणशी साधारण 15 किलोची बॅग भाड्यातच येते. जादा वजन लागणार असेल तर ते घरी बसून आधीच घ्यावं; काउंटरवर किलोमागे मोजायला लागलात तर ती हलगर्जीची किंमत. डब्यातली पोळी-भाजी विमानात खायला कुणी अडवत नाही. लोणच्याची बरणी मात्र हातातल्या पिशवीत ठेवू नका. काउंटरवर बोर्डिंग पाससाठी घेतले जाणारे पैसेही 2022 साली सरकारनं चुकीचे ठरवले.

सर्वांत जास्त पैसे उकळले जातात ते भीतीपोटी. वेब चेक-इन करताना सीटचा नकाशा उघडतो, जवळजवळ प्रत्येक चौकोनावर भाव असतो आणि ‘पोरगं एकटं बसलं तर?’ या धास्तीनं आई-बाप सहा-सात सीट विकत घेऊन मोकळे होतात. एप्रिल 2024 मध्ये हवाई वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएनं विमान कंपन्यांना बजावलं आहे की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंगमधल्या, किमान एका पालकाशेजारी सीट द्यायची. ‘त्याच पीएनआरवर’ हे शब्द लक्षात ठेवा. खालच्या टप्प्यातल्या दोन सीट पटकावण्यासाठी कुणी तिकिटं फोडून काढली आणि मूल वेगळ्या पीएनआरवर गेलं, तर हा आधार गेला. तिकिटं फोडायचीच तर प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस त्याच पीएनआरवर हवं.

शिवाय विमानाला लुटारू म्हणताना रेल्वेला साधू ठरवायचं कारण नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतोला सप्टेंबर 2016 पासून फ्लेक्सी भाडं आहे. गाडी भरत जाते तसं मूळ भाडं 1.4 पटीपर्यंत चढतं. मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली, त्यामुळे आजी-आजोबांचं तिकीटही आता पूर्ण लागतं.

मग स्वस्त विमान कुटुंबाला कधी परवडतं? जिथे रेल्वे तुमची रजा खाते तिथे. मुंबईहून गुवाहाटीला गाडीनं जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस. आठ दिवसांच्या रजेतली निम्मी रुळांवर जाते. कामाख्या आणि मेघालय पाहायला निघालेल्या नोकरदार कुटुंबानं इथे चार-सहा हजार जास्त मोजले तरी सौदा फायद्याचाच आहे. गुडघेदुखीच्या आजीला दोन रात्री बर्थवर काढायला लावण्यापेक्षा, आधी कळवून व्हीलचेअर घेतलेली बरी.

मात्र हा सौदा करताना हाताशी एक दिवस मोकळा ठेवावा. मे 2023 च्या सुरुवातीला गो फर्स्ट कंपनीची विमानं थांबली. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली आणि सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. एकट्या माणसाला पुढच्या विमानात कुठेतरी सीट मिळते, सहा जणांना एकदम मिळत नाही. म्हणून शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीचं शेवटचं विमान कुटुंबानं घेऊ नये. दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून मधल्या विमानतळावर दोन तासांत दुसरं विमान गाठायचा जुगारही खेळू नये. पहिलं विमान लांबलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते.

माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यांची नावं एकदम टाकावीत, बॅगा आणि दोन्ही टोकांच्या टॅक्सी धराव्यात आणि मग येणारा आकडा प्रवासातून वाचणाऱ्या रजेच्या दिवसांनी भागावा. एक दिवस वाचवायला जो भाव पडतो, तो मोजायची तयारी असेल तर खुशाल विमानानं जा. आणि एकही दिवस वाचत नसेल, तर तिकीट कितीही स्वस्त असो, तुमच्या कुटुंबाला ते महागच आहे.