पाकिटावर काय लिहावे?

पत्र लिहिणाऱ्यास दोन ठिकाणी लिहावे लागते: आत कागदावर आणि बाहेर पाकिटावर. आतला मजकूर ज्याच्या नावाने पत्र असते त्याच्यासाठी असतो. बाहेरचा मजकूर मात्र ज्यांच्या ज्यांच्या हातांतून पाकीट जाते त्या सर्वांसाठी असतो. संगणक एकमेकांना जे संदेश पाठवितात त्यांतही हाच भेद पाळावा लागतो. तो न पाळल्यास सामान्य नागरिकाची कामे अडतात आणि त्याची खाजगी माहिती भलत्याच हाती पडते. म्हणून हा प्रश्न केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही, असे आमचे मत आहे.

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे उदाहरण घेऊ. मूळचे हे गाव आता महानगराने वेढले आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ शेजारीच असल्यामुळे देशाच्या निरनिराळ्या राज्यांतील विद्यार्थी तेथील दाटीवाटीच्या गल्ल्यांत भाड्याने राहतात. त्यांना घरून येणाऱ्या पत्रांवरील पत्ते वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेले असणार. परंतु पत्त्याच्या शेवटी ११००६७ हे सहा अंक असले की पत्र योग्य टपाल कार्यालयापर्यंत जाते. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दाखवितात. महाराष्ट्र व गोवा यांचे क्रमांक याच न्यायाने ४ या अंकाने सुरू होतात. ही पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी व नाटककार होते.

या अंकांना बळ आले ते आधी ठरलेल्या संकेतामुळे. प्रत्येक अंकाची जागा ठरलेली आणि अर्थही ठरलेला. त्यामुळे पत्त्याची भाषा न जाणणारा कर्मचारीसुद्धा पत्राला अचूक वाट दाखवू शकतो. अशा रीतीने जागा व अर्थ ठरवून दिलेल्या माहितीस संरचित माहिती म्हणतात.

एका संस्थेच्या संगणकाने दुसऱ्या संस्थेच्या संगणकास इंटरनेटवरून काम सांगावे आणि उत्तर घ्यावे, या व्यवस्थेस वेब-सेवा असे नाव आहे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने चहाचे पैसे देताना असेच संदेश बँकांमध्ये फिरतात. त्या संदेशाच्या शिरोभागात, म्हणजे हेडरमध्ये, आवृत्ती, वेळ, पाठविणाऱ्या संस्थेची खूण आणि संदेशाचा क्रमांक असतो. कोणी कोणास किती रुपये दिले हे त्याच्या निराळ्या भागांत असते. सोप नावाच्या संदेशपद्धतीने तर टपालाचीच भाषा उचलली आहे. २००३ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने तिची १.२ ही आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तीत संपूर्ण संदेशास ‘एन्व्हलप’, म्हणजे पाकीट, असेच म्हणतात आणि त्याच्या पोटात हेडर व मुख्य मजकूर असे दोन भाग असतात.

या पद्धतीतील एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. हेडरमधील एखाद्या नोंदीवर ‘ही समजलीच पाहिजे’ असा शेरा मारता येतो. ज्या संगणकासाठी ती नोंद आहे त्यास ती समजली नाही, तर त्याने अंदाजाने काम पुढे न रेटता संदेश नाकारला पाहिजे. पैशाच्या आणि ओळखीच्या व्यवहारांत असा स्पष्ट नकार हा चुकीच्या होकारापेक्षा केव्हाही बरा.

याउलट, एचटीटीपी या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत हेडरमध्ये नुसत्या ओळी असत: आधी नाव, मग मूल्य. ते मूल्य कसे लिहावे यासंबंधी पुष्कळ काळ समान नियम नव्हता. कोणी स्वल्पविराम वापरी, कोणी अर्धविराम. २०२१ साली यादी, कोश आणि एकटे मूल्य असे तीन आकार ठरविणारे मानक प्रसिद्ध झाले. लेखनात चूक आढळल्यास ती संपूर्ण नोंद सोडून द्यावी, असा त्याचा कडक दंडक आहे. नव्या सेवा रचणाऱ्यांनी स्वतःची वेगळी लिपी न शोधता हेच आकार वापरावेत.

येथे काही जण म्हणतील की, माहिती जर इतकी नेटकी लिहिता येते, तर सगळीच पाकिटावर का लिहू नये? संदेश न उघडताच वाटेतील संगणकास निर्णय घेता येईल. ही सोय खरी आहे. परंतु तिची किंमत जबर आहे. संदेश प्रवासात कुलूपबंद असला तरी वाटेतील मध्यस्थ संगणक ते कुलूप उघडतात आणि हेडरमधील ओळी पुष्कळदा आपल्या नोंदवहीत टिपून ठेवतात. शिवाय तेथे जागा थोडी: अपाची या प्रसिद्ध सर्व्हर-प्रणालीत एका ओळीस सामान्यतः ८,१९० बाइटांची मर्यादा असते.

तिसरे कारण आपल्या भाषेचे आहे. एचटीटीपीच्या हेडरमध्ये रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हे एवढीच निर्धास्तपणे जातात. ‘मुनिरका’ या शब्दातील अक्षरे व मात्रा मिळून ७ संकेत होतात. मुख्य मजकुरात ते २१ बाइटांत सुखाने मावतात. हेडरमध्ये मात्र प्रत्येक बाइटासाठी तीन चिन्हे खर्चून तोच शब्द ६३ चिन्हांचा होतो. २०२४ च्या सुधारित मानकाने अशा मजकुरासाठी स्वतंत्र प्रकार मान्य केला, तरी त्यातही हाच वळसा घ्यावा लागतो. एखाद्या मध्यस्थाने तो वळसा पाळला नाही की नावाची मोडतोड होते आणि कागदपत्रांवरील नावे जुळेनाशी होतात. मग नागरिकासच सांगण्यात येते की, आपले नाव रोमन लिपीत लिहा! हा दोष रचनेचा आहे, नावाचा नव्हे.

सार्वजनिक ग्रंथालयांनीही हा विचार करावा. दोन ग्रंथालयांच्या संगणकांत देवघेव सुरू करावयाची झाल्यास ग्रंथालयाचा क्रमांक, संदेशाचा क्रमांक व वेळ ही माहिती हेडरमध्ये ठरलेल्या आकारात असावी. वाचकाचे नाव आणि त्याने नेलेले पुस्तक यांची जागा आत आहे. वाचक काय वाचतो हे वाटेतल्या कोणास कळण्याचे कारण नाही. संदेश वाहणाऱ्यास जेवढे आवश्यक तेवढेच बाहेर, तेही सर्वमान्य संकेतानुसार, आणि उरलेले सारे आत, एवढा नियम पाळला तरी पुरे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून असा एक संदेश कागदावर रचून घ्यावा आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी वाचावयाची आहे, ते त्यांना लिहावयास सांगावे.