अनंतकाळचा संसार आणि बदलते नियम

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरात मॉर्मन चर्चचे ब्रिगॅम यंग विद्यापीठ आहे. तिथल्या वर्गांत एकविशी-बाविशीतली लग्न झालेली जोडपी सर्रास दिसतात. मुलगा शाळा संपवून दोन वर्षे धर्मप्रचाराला जातो, परत येतो, कॉलेजात नाव घालतो आणि पुष्कळदा पदवी हातात पडायच्या आत बोहल्यावर चढतो. लग्न दोघांच्या पसंतीचे असते, पण घाई अशी की साखरपुडा आणि लग्न यांच्यात चार महिने गेले तरी लोकांना ते फार वाटतात. मग भाड्याची दोन खोल्यांची जागा, दोघांच्याही अर्धवेळ नोकऱ्या, मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास आणि त्या जेवणाचे वाचलेले पैसे गरजूंना. घरात चहा नाही, कॉफी नाही. दारू-तंबाखूचा विषयच नाही. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली असते. रविवारी चर्चमध्ये नवऱ्याकडे लहान मुलांचा वर्ग, तर बायकोकडे बायकांच्या मंडळाचे काम. यातल्या कशालाही पगार नाही. वॉर्डाचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख असलेला बिशपसुद्धा आठवडाभर दंतवैद्यक नाही तर हिशेबनिशी करून हे काम सांभाळतो.

सणसमारंभही याच धाटणीचे. बाळ महिना-दोन महिन्यांचे झाले की एखाद्या उपासाच्या रविवारी वडील, आजोबा, काका-मामा गोल करून त्याला हातांवर घेतात, नाव जाहीर करतात आणि आशीर्वाद देतात. आपल्याकडच्या बारशाला आत्या लागते, इथे सगळे पुरुष. आठव्या वर्षी पांढऱ्या कपड्यांत बाप्तिस्मा, बहुधा वडिलांच्याच हातून. एप्रिल आणि ऑक्टोबरात चर्चची मोठी परिषद भरते आणि घरोघरी लोक दालचिनीचे रोल खात ती टीव्हीवर पाहतात. २४ जुलैला मिरवणुका आणि आतषबाजी, कारण १८४७ साली त्या दिवशी मॉर्मनांचा पुढारी ब्रिगॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. लग्नाचा स्वागतसमारंभ पुष्कळदा वॉर्डाच्या सभागृहातच होतो. तिथल्या बास्केटबॉलच्या जाळीवर जाळीदार कापड आणि फुलांच्या माळा टाकून ती झाकायची हे युटातल्या करवल्यांचे जुने काम. पाहुण्यांना सरबत आणि आइस्क्रीम, फार तर जेलो; या जेलोला राज्याच्या सिनेटने २००१ साली चक्क ठराव करून राज्याचा आवडता खाऊ ठरवले होते.

सगळे इतके नीटनेटके आणि हसतमुख, की हा संसार पूर्वापार असाच चालत आला असेल असे वाटते. तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. त्याआधीचा मॉर्मन संसार निराळा होता, आणि तो बदलला न्यायालये, तुरुंग आणि जप्ती यांच्या रेट्याने. परंपरेचा हवाला देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, हा इतिहास एकदा वाचावा.

या पंथातले पहिले तरुण जोडपे म्हणजे पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि एमा हेल. १८ जानेवारी १८२७ रोजी त्यांनी लग्न केले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि ती बावीस. एमाच्या वडिलांचा विरोध होता. जमिनीत पुरलेला खजिना शोधून देणाऱ्या टोळीत मजुरी करणारा जावई कोणाला पसंत पडेल? म्हणून दोघांनी पळून जाऊन लग्न केले. १८३० मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा पंथाचा धर्मग्रंथ छापून झाला आणि त्याच वर्षी चर्च स्थापन झाले. त्यानंतर या जोडप्याला स्थिर घर असे फारसे लाभलेच नाही. न्यूयॉर्क, ओहायो, मिसुरी, इलिनॉय असे एकामागून एक बिऱ्हाड हलत गेले. १८३८ साली मिसुरीच्या गव्हर्नरने तर मॉर्मनांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा, असा लेखी हुकूमच काढला. एमाची कित्येक मुले तान्हेपणीच गेली. जी जगली ती घेऊन तिने त्या हिवाळ्यात गोठलेली मिसिसिपी पायी ओलांडली. नवरा तेव्हा तुरुंगात होता.

चर्चच्या लग्नकल्पनेतले दोन धागे याच काळात एकत्र विणले गेले. लग्न मरणानेही तुटत नाही, टेंपलमध्ये, म्हणजे चर्चच्या खास मंदिरात, योग्य अधिकाराने लावले तर ते अनंतकाळ टिकते, हा पहिला धागा. आपल्याकडे वटपौर्णिमेला सात जन्म मागतात. इथे पुनर्जन्मच नाही, त्यामुळे करार थेट अनंताचा. दुसरा धागा बहुपत्नीत्वाचा. जुलै १८४३ मध्ये लिहून घेतलेल्या जोसेफच्या एकाच साक्षात्कारात हे दोन्ही आहेत, आणि त्यात एमाला नाव घेऊन समज दिलेली आहे. जोसेफच्या बायका तीस ते चाळीस होत्या, हे चर्चने आपल्या अधिकृत लेखात मान्य केले ते २०१४ साली. एमाने हे कधीच पचवले नाही. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफला गोळ्या घातल्या. पुढे ब्रिगॅम यंग अनुयायांना घेऊन पश्चिमेला निघाला, तेव्हा एमा मागेच राहिली. तिने दुसरे लग्न केले आणि आपल्या नवऱ्याने बहुपत्नीत्व शिकवलेच नाही, असे ती मरेपर्यंत सांगत राहिली. तिचा मुलगा पुढे निराळ्या चर्चचा प्रमुख झाला. या पंथाचे पहिलेच घर लग्नाच्या व्याख्येवरून दुभंगले.

यंगच्या बायका पन्नासच्या वर होत्या. मात्र युटातले बहुसंख्य पुरुष एकपत्नीच होते. अनेक संसार परवडणारे आणि चर्चमध्ये वरच्या जागी असणारे थोडे. १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकमध्ये बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा झाली, आणि तिची झळ आपल्या मुंबई-पुण्यालाही लागली. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन त्याच वर्षी मुंबईत उतरला होता. त्याने पुण्याच्या छावणीत मूठभर माणसे जमवली, पण थोड्याच काळात लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीबाहेर काढले. अमेरिकेहून ही बातमी आल्यावर तर गोऱ्या पाद्र्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले. काही वर्षांत हे प्रचारक हिंदुस्थान सोडून गेले.

वॉशिंग्टनने १८६२ साली बहुपत्नीत्वाविरुद्ध पहिला कायदा केला, पण तो अंमलात आणायला कोणाला सवड नव्हती. खरा घाव घातला सर्वोच्च न्यायालयाने. यंगचा चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स याच्यावर दुसऱ्या लग्नाबद्दल खटला झाला आणि त्याने धर्मस्वातंत्र्याचा आधार घेतला. ६ जानेवारी १८७९ रोजी सरन्यायाधीश वेट यांनी निकाल दिला: कायद्याला श्रद्धेत हात घालता येत नाही, आचरणात येतो. उदाहरण कोणते? एखाद्या विधवेने धर्मकर्तव्य म्हणून पतीच्या चितेवर जळायचे ठरवले, तर सरकारने ते थांबवू नये काय? बेंटिंकने बंगालमध्ये सतीबंदी केल्याला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. बहुपत्नीत्व ही मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी लोकांची रीत, हेही निकालात आहेच. निकाल योग्य होता, त्यातला तोरा मात्र ओंगळ.

याच मालिकेतला १८९० चा, आयडाहोतल्या मॉर्मनांच्या मताधिकारावरचा निकाल पुढे आपल्याकडे वळून आला. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंसाठी द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. तो घटनेच्या विरोधात आहे, असा दावा नरसू अप्पा माळी खटल्यात झाला. १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला, तेव्हा श्रद्धा आणि आचरण यांतला फरक सांगताना छागलांनी आधार घेतला तो या अमेरिकी निकालाचा. सतीचे उदाहरण हिंदुस्थानातून वॉशिंग्टनला गेले होते. सत्तर-बहात्तर वर्षांनी तिथला युक्तिवाद मुंबईत आला.

इकडे युटात १८८० चे दशक धरपकडीचे गेले. १८८२ च्या कायद्याने एकाहून अधिक बायकांबरोबर राहणे हाच गुन्हा ठरला. हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले. चर्चचे अध्यक्ष जॉन टेलर भूमिगत अवस्थेतच वारले. १८८७ च्या कायद्याने तर चर्चची मालमत्ता जप्त केली आणि युटातल्या बायकांचा मताधिकारही काढून घेतला. ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. युटाच्या बायकांना मत मिळाले होते १८७० साली, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या कितीतरी आधी. मत मिळाले की त्या बहुपत्नीत्व उलथून टाकतील, असा पूर्वेकडच्या सुधारकांचा होरा होता. बायकांनी मते दिली आणि आपल्याच नेत्यांना निवडून आणले. मग सरकारने मतच काढून घेतले. ज्यांच्या सुटकेसाठी ही मोहीम चालली होती, त्यांचाच हक्क हिरावून घ्यायचा, हा न्याय नव्हता.

१८९० च्या सप्टेंबरात अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढला: देशाच्या कायद्याने मना केलेली लग्ने करू नका. ४ जानेवारी १८९६ रोजी युटाला राज्याचा दर्जा मिळाला आणि बायकांना मतही परत मिळाले. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. पेशाने डॉक्टर, एका मोठ्या चर्चनेत्याची चौथी बायको. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून त्या काही काळ इंग्लंडला जाऊन राहिल्या होत्या. या निवडणुकीत नवरा विरुद्ध पक्षाकडून उभा होता, आणि तो पडला. एकोणिसाव्या शतकातली मॉर्मन बायको म्हणजे मुकी गाय, असे समजणाऱ्यांनी या बाईंचे चरित्र जरूर पाहावे.

जाहीरनामा निघाला म्हणून घरे एका रात्रीत बदलली नाहीत. चोरून लग्ने होत राहिली, शेवटी १९०४ मध्ये चर्चला दुसरी, कडक ताकीद काढावी लागली. त्याच वर्षी अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांना अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षीला उभे राहावे लागले. आपल्याला पाच बायका आहेत आणि १८९० नंतरही त्यांच्यापासून मुले झाली आहेत, हे त्यांनी तिथे कबूल केले. आणि १९१५ साली याच गृहस्थांनी घराघरांना सांगितले, एक संध्याकाळ राखून आई-वडील आणि मुले यांनी ती एकत्र घालवावी. आज मॉर्मन कुटुंबाची ओळख सांगताना जी संध्याकाळ सगळ्यांत आधी सांगतात, ती सुरू करणाऱ्याची स्वतःची घरे पाच होती. १९७० मध्ये त्यासाठी सोमवार ठरला.

पुढची पन्नास-साठ वर्षे उलट्या दिशेची घोडदौड. ज्यांना अमेरिकेने विकृत कुटुंबाचे म्हणून तुरुंगात घातले, ते दुसऱ्या महायुद्धानंतर आदर्श अमेरिकी कुटुंबाचे वकील झाले. बाप कमावता, आई घरी, चार-पाच मुले. १९८७ साली अध्यक्ष बेन्सन यांनी आयांना नोकरी सोडून घरी परतायला सांगितले; १९९५ मध्ये कुटुंबावरचे अधिकृत निवेदन आले आणि भिंतीवर फ्रेम करून लागले. प्रत्यक्ष घरे मात्र हळूहळू आपल्या वाटेने चालली. युटाचा जननदर, जो एके काळी देशात सर्वांत वरचा होता, तो आता दोनच्या खाली आहे. प्रोव्होतल्या जोडप्यात आज दोघेही कमावतात, कारण घरभाड्याला धर्मपंथ कळत नाही.

आणि लग्नाचा दिवस? टेंपलमध्ये समोरासमोर आरसे लावलेल्या खोलीत, पांढऱ्या कपड्यांत दोघे गुडघे टेकून हात धरतात. आरशांत त्यांची प्रतिबिंबे संपत नाहीत. पण त्या खोलीत शिरायला बिशपची लेखी शिफारस लागते, आणि ती चर्चच्या नियमाने राहणाऱ्या सभासदालाच मिळते. मुलगी नव्याने पंथात आलेली असेल, तर तिचे आई-वडील बाहेर बाकावर. आधी सर्वांदेखत साधे लग्न लावावे म्हटले, तर अमेरिकेत टेंपलविधीसाठी वर्षभर थांबावे लागे. म्हणून बहुतेक जोडपी आई-वडिलांना बाहेर ठेवणेच पत्करत. ज्या देशांत कायद्यानेच जाहीर लग्न आवश्यक आहे, तिथे मात्र ही अट नव्हती. म्हणजे अट ईश्वरी नव्हती, कार्यालयीन होती. कित्येक आयांना लेकीचे लग्न न पाहता घरी जावे लागल्यावर, मे २०१९ मध्ये चर्चने ती रद्द केली. फार उशीर झाला, पण केली.

एक गाठ अजून तशीच आहे. बायको वारली तर विधुराला दुसऱ्या बायकोशीही अनंतकाळचे लग्न लावता येते, आणि परलोकात दोघीही त्याच्या. विधवेला हा विधी दुसऱ्या नवऱ्याशी जिवंतपणी करता येत नाही. चर्चचे अध्यक्षपद भूषवलेले रसेल नेल्सन आणि डॅलिन ओक्स या दोघांनीही विधुर झाल्यावर असेच लग्न केले. १८९० चा जाहीरनामा पृथ्वीपुरताच राहिला. परलोकातले सगळे देव नीट लावील, असे उत्तर मिळते, पण लग्नाआधी हा प्रश्न मनात येणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीला ते पुरणारे नाही. जप्ती नाही, बेड्या नाहीत, कोणाचा रेटा नाही. नियम चर्चच्याच पुस्तिकेत आहे. चर्चच्या प्रमुखांनी या वेळी तो आपण होऊन बदलावा.